कासिमाली आकेंची वंशावळ आणि माझी साफसफाई

आमच्या धाकट्या सुनेला जुळं झालं, ते वर्ष. दोन्ही मुलगे, दोघांचेही आवाज खणखणीत, आणि घरात पाळणा एकच. साल २००९. डोंगरातल्या आमच्या नारीन शहरात त्या वर्षी एप्रिल संपेपर्यंत बर्फाने मुक्काम हलवला नाही, म्हणून पाळण्याची मेजवानी मे महिन्यात झाली. माझ्या बेअब्रूची सुरुवातही तिथलीच.

मेजवानीला कासिमाली आके आले होते; थोरांच्या नावाला आम्ही आदराने 'आके' लावतो. आमच्या टोळीतले सगळ्यांत वडीलधारे. नव्वदीला टेकलेले, पण पाठ ताठ. कुणाच्याही घरी मूल झालं की त्यांनी यायचं, मेंढीचं शिजवलेलं डोकं त्यांच्यापुढे ठेवायचं आणि त्यांनी बाळाच्या कानाशी वाकून त्याचे सात बाप, म्हणजे बापापासून वरच्या सात पिढ्यांची नावं, सांगायचे, असा शिरस्ता. ज्याला आपले सात बाप सांगता येत नाहीत त्याला आमच्याकडे लोक बेवारशी समजतात. आणि ज्या मुलामुलीचा सात पिढ्यांच्या आत एक बाप निघतो त्यांचं लग्न होत नाही. मग मुलगा कितीही गुणी असो आणि मुलगी कितीही रडो. आके मात्र सातावर थांबत नसत. आख्ख्या टोळीचं झाड त्यांना फांद्यांसकट पाठ होतं.

जुळ्यांना सात बाप दोनदा सांगावे लागले, कारण पहिल्या वेळी एकजण रडत होता. मग आके चहाची वाटी हातात घेऊन मला म्हणाले, "तेमिर्कुल, तू म्हणे संगणक शिकलास?"

शिकलो होतो. नगर ग्रंथालयात पेन्शनरांसाठी वर्ग निघाला होता आणि त्याचं प्रमाणपत्र मी बैठकीच्या खोलीत लग्नाच्या फोटोशेजारी लावलं होतं. "फोटोपेक्षा चौकट मोठी आहे," असं बुरूल, म्हणजे माझी बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे. तिचा राग मी समजू शकतो. माझं लहानपण मेंढ्यांमागे गेलं. शाळा खाली दरीत आणि आम्ही वर कुरणात. मला अक्षरं आली तीच तेविसाव्या वर्षी, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. बुरूल मास्तरीण होती, तिने शिकवली. ते उपकार ती आजतागायत विसरलेली नाही, आणि मला दुसऱ्या कुणीतरी काहीतरी शिकवलं हे तिला पटत नव्हतं.

पुढे मी रस्ते खात्यात लागलो आणि गोदामाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. फावडी, मीठ, चाकांच्या साखळ्या, सगळं ओळीत. माझ्या गोदामाची जमीन इतकी झाडलेली असे की तपासणीला आलेला साहेब बूट काढू का म्हणून विचारायचा. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. याच गुणाने माझा घात केला, म्हणून सांगतो.

आके म्हणाले, "चौऱ्याण्णव साली मी सगळी वंशावळ एका टंकलेखिकेला सांगितली होती. तिने ती संगणकात घातली. बाई पुढे सैबेरियात गेली. ही फ्लॉपी चकती राहिली. पण आताच्या यंत्रांना ती वाचताच येत नाही म्हणतात. तू ती वाचती कर आणि छापून दे. मी गेल्यावर ही नावं माझ्याबरोबर जाऊ नयेत."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली चकती काढली. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. अशा वेळी माणूस "बघतो" म्हणतो. मी म्हणालो, "त्यात काय आहे, आके! आठवड्याचं काम."

समोरच आमच्या जिन्यातला जोल्दोश बसला होता. त्याच्या मुलीचं, जिपाराचं, लग्न ऑगस्टात ठरलं होतं. मोठ्या पुरुषाला आमच्याकडे बाइके म्हणतात; तो म्हणाला, "बाइके, लग्नाच्या आधी होऊ दे बरं का. आलेल्या व्याह्यांना एकेक प्रत देता येईल."

या लग्नाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मुलगा मेदेत, गुरांचा डॉक्टर, शांत, कामाचा. अडचण एवढीच होती की त्याचा आजोबा अनाथालयात वाढलेला. त्याला बापाच्या नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं. जोल्दोशची आई सायकल अपा अशा घरात नात द्यायला तयारच नव्हती. "ज्याला वरचं माहीत नाही त्याच्याशी आपलं रक्त जुळतं की नाही हे कसं कळणार?" असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. शेवटी कासिमाली आकेंनी मेदेतच्या घराण्याची फांदी शोधून दिली. त्याचा खापरपणजोबा एसेनकुल, त्याचा बाप तायलाक, असं करत करत जिपाराच्या घराण्याशी नववा बाप एक निघाला. सातापलीकडे. सायकल अपाने त्याच दिवशी होणाऱ्या नवऱ्याकडच्यांना जिपाराच्या कानात मागणीचे डूल घालायला परवानगी दिली. म्हणजे अख्खं लग्न आकेंच्या शब्दावर उभं होतं.

ग्रंथालयात चकती घेणारं एक जुनं यंत्र कोपऱ्यात होतं. आमची शिक्षिका चिनारा हिने फाइल काढून एडिटरमध्ये उघडली. पडद्यावर जे आलं ते पाहून मी खुर्ची मागे सरकवली. एकही नाव ओळखू येईना. भलतीच अक्षरं, मध्येच अवतरणचिन्हं, मध्येच टोपी घातलेले अ.

"असंच असतं, बाइके," चिनारा म्हणाली. "त्या काळी प्रत्येक अक्षराला यंत्रात एक जागा होती, पण कुठलं अक्षर कुठल्या जागेवर हे ज्याने त्याने ठरवलं. आपली तीन खास अक्षरं तर रशियन अक्षरसंचात नव्हतीच. ती जिथे फट मिळेल तिथे कोंबली. आता युनिकोड आहे. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा घरक्रमांक. तुम्हाला फक्त जुन्या जागेवरचं अक्षर उचलून नव्या घरात नेऊन सोडायचं."

तिने मला तक्ता करून दिला. डावीकडे पडद्यावर दिसणारं अक्षर, उजवीकडे ते खरं कोणतं. "शोधा आणि बदला" हे बटण दाखवलं. "एखादा प्रोग्राम लिहून हे एका झटक्यात होतं," असंही ती म्हणाली, पण मला ते आवडलं नाही. हाताने केलेल्या कामाला प्रतिष्ठा असते.

पहिल्या दिवशी मी सगळे 'अ' उचलून 'र' केले. तक्त्यात तसंच होतं. मग तक्त्यात 'र'चं दुसरंच काहीतरी करायचं होतं, तेही केलं. त्याबरोबर नुकतेच झालेले 'र'ही त्यांच्याबरोबर निघून गेले. संध्याकाळपर्यंत आमच्या टोळीत फक्त चार अक्षरं उरली होती आणि सगळ्या पूर्वजांची नावं तोतऱ्याने हाका मारल्यासारखी झाली होती.

घरी येऊन मी हे बुरूलला सांगितलं नाही, पण तिला माझ्या जेवणावरून कळतं.

"दोन कळप एका गोठ्यात सोडलेत ना?" ती म्हणाली. "मेंढपाळाचा मुलगा तुम्ही! आधी एका कळपाला पाठीवर रंग लावतात आणि मग मिसळू देतात."

मी म्हणालो, "संगणक आणि मेंढ्या यात फरक आहे." दुसऱ्या दिवशी चकतीवरून पुन्हा फाइल घेतली आणि प्रत्येक बदललेल्या अक्षराला आधी एक आकडा चिकटवला, सगळी झाल्यावर आकडे काढून टाकले. नावं एकेक करून जागी झाली. बोरोनबाय. तायलाक. एसेनकुल. धुक्यातून माणसं चालत यावीत तशी ती येत होती. मला खरोखर भरून आलं. चिनाराला मी सांगितलं की रंग लावायची ही पद्धत मला आपोआप सुचली.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

नावं सगळी नीट झाली, पण प्रत्येक नावाच्या आधी केर उरला. रशियन अक्षरांत 'गदद'. काही ठिकाणी 'अदद'. दोहोंच्या मध्ये एकट्यादुकट्या उभ्या काठ्या. पानंच्या पानं: गदद अमुक, गदद तमुक, अदद फलाणा. चिनाराच्या तक्त्यात याचं काहीच नव्हतं, कारण तिने तक्ता अक्षरांचा केला होता. चिनारा त्या आठवड्यात भावाच्या गावी गेली होती. मग मी आमच्या इमारतीपुढच्या बाकावर सल्ला घेतला. आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो.

निवृत्त वायरमन दुइशोन सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाला, "गदद? ही गुप्त पोलिसांची खूण आहे. कोणावर लक्ष होतं त्याच्या नावापुढे लावायचे."

"अरे, हे लोक झारच्याही आधी मेले आहेत."

"म्हणून तर तीनच अक्षरं आहेत. नंतरच्यांना लांबलचक असतात."

जोल्दोशचं म्हणणं पडलं की ही पदवी असावी, मोठ्या लोकांच्या नावाआधी लावतात तशी. आणि त्याच्या घराण्यात गदद जास्त आहेत की अदद, हे मी मोजून सांगावं. तळमजल्यावरच्या बाईंनी टंकलेखिकेचं मांजर कळफलकावर बसलं असेल असं सुचवलं. मला मांजर पटलं. गोदामात केर कशाचा आहे याचा कोणी शोध लावत बसत नाही, झाडू घेतात.

मी शोध या चौकटीत 'गदद' लिहिलं, बदला या चौकटीत काहीच लिहिलं नाही आणि बटण दाबलं. मग 'अदद'. मग काठ्या. यंत्राने विचारलं, बदल साठवायचे का? मी हो म्हणालो. पान कसं लख्ख झालं! सगळी नावं डाव्या कडेला, एकाखाली एक, शिस्तीत. तरी मला ते जरा उघडं वाटलं. म्हणून मी गोदामातल्यासारखे थर लावले: प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक पूर्वज ठळक अक्षरांत, त्याच्याखाली बाकीचे. पान संपलं की पुढचं नाव माथ्यावर. ओळी सगळ्या पानांवर सारख्या.

चकतीचं काम संपलं होतं. ती मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, सुनेने तिच्यावर उकळती किटली ठेवली आणि ती चकती तेलात सोडलेल्या पिठाच्या बुर्साकासारखी फुगली. जाऊ दे, म्हटलं.

पुस्तक जुलैत छापून आलं. निळ्या पुठ्ठ्याचं, आकेंचं नाव वर. शेवटच्या पानावर "संगणकावर आणून शुद्ध करणारे: तेमिर्कुल" असं होतं. ती ओळ जरा मोठ्या टायपात पडली, ती छापखान्याची चूक होती असं मी तेव्हा सांगितलं. आके उन्हाळ्यासाठी वर कुरणात गेले होते, त्यांची प्रत मी एका ट्रकवाल्याबरोबर पाठवली. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नसे. त्यांनी पुस्तक उशीखाली ठेवलं असल्याचा निरोप आला.

मग काही दिवस मी बाकावर मधल्या, मानाच्या जागी बसत होतो.

सायकल अपाने ते पुस्तक जिपाराकडून वाचून घेतलं. म्हातारीला वाचता येत नाही, पण मोजता येतं. एका दुपारी आमच्या दारावर थाप पडली. अपा पुस्तक छातीशी धरून उभी. मागे जोल्दोश, पडलेल्या चेहऱ्याचा.

"तेमिर्कुल, एसेनकुल कुठे आहे दाखव."

मी पान उघडलं. माथ्यावर ठळक अक्षरांत बोरोनबाय; खाली बाकीच्यांत तायलाक, मग एसेनकुल, सगळे एकाच रांगेत.

"एसेनकुल बोरोनबायचा मुलगा?"

"पुस्तकात तसंच दिसतं आहे."

"बोरोनबाय माझ्या नातीचा पाचवा बाप. म्हणजे त्या पोराचाही पाचवाच झाला. बहीणभाऊ आहेत ती दोघं!" ती जोल्दोशकडे वळली. "डूल काढून दे परत. आजच."

कुठेतरी काहीतरी चुकलं आहे असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते काय हे मला कळत नव्हतं, आणि कळेपर्यंत गप्प बसण्याइतका मी शहाणा नव्हतो. संध्याकाळी जिन्यात जिपारा भेटली. डोळे सुजलेले. "आजोबा, पुस्तकात चूक असू शकते ना?"

मी तिला म्हणालो, "पोरी, माणूस चुकतो. संगणक नाही चुकत."

हे वाक्य मी वर्गात शिकलो होतो. ती मान हलवून जिना चढून गेली. पायऱ्यांवर कठड्याला धरून.

जोल्दोश बापडा सहजासहजी हटणारा नव्हता. त्याने मेंढी कापली, मेदेतच्या आईवडिलांना बोलावलं आणि आकेंना कुरणातून खाली आणवलं. आम्हा सगळ्यांना दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती, बसवलं. आकेंनी मेंढीच्या डोक्याला हातही लावला नाही, थेट बोलायला लागले. एसेनकुलचा बाप तायलाक. तायलाकचा बाप अमुक. एकही अडखळ नाही. नवव्यावर येऊन थांबले.

सायकल अपा अदबीनेच म्हणाली, "आके, तुमचा शब्द खाली पाडायची माझी छाती नाही. पण तुमच्याच पुस्तकात वेगळं आहे."

"माझ्या पुस्तकात?" आके हसले. "तेमिर्कुल, वाच रे."

मी वाचलं. जसं छापलं होतं तसं.

आके म्हणाले, "नाही, नाही. बघा." त्यांनी दस्तरखानावर बोट ठेवलं. "हे खोड. इथून ही फांदी फुटली, ती बोरोनबायची. आणि ही इथून दुसरी. तिच्यावर तायलाक." बोट वरून खाली यायचं, काटकोनात वळायचं आणि नावाकडे दोन तुकड्यांत पुढे जायचं. एक कोपरा, दोन आडव्या रेघा. पुन्हा एक कोपरा, दोन आडव्या रेघा.

गदद.

माझ्या हातातलं पुस्तक जड झालं. टंकलेखिकेने झाड काढलं होतं. त्या जुन्या संचात रेघा काढायच्याही खुणा होत्या, अक्षरांसारख्याच, आणि नव्या यंत्रात त्याच जागांवर अक्षरं बसली होती, म्हणून मला त्या अक्षरांसारख्या दिसल्या. कोण कुणाच्या फांदीवर, हे सगळं त्या केरातच होतं. मी टोळीचं सबंध झाड झाडून काढलं होतं आणि पानं संपतील तिथे बाप नेमले होते.

आता बोलायचं होतं. सगळे माझ्याकडेच बघत होते. मला ते प्रमाणपत्र दिसलं, बाकावरची मधली जागा दिसली, शेवटच्या पानावरची ती ओळ दिसली. मी घसा साफ केला आणि एक बुर्साक तोंडात टाकला.

जोल्दोशच्या मेहुण्याने मग हळूच म्हटलं, "वय होतंच की, आके. नव्वद म्हणजे काय थोडं आहे!"

आकेंनी दस्तरखानावरचं बोट उचललं. वाटी उपडी ठेवली. "मग मी चुकत असेन," ते म्हणाले.

मेदेतची आई उठून बाहेर गेली. डूल त्या घरी परत गेले.

पुढचे काही दिवस बाकावर एकच विषय. दुइशोन म्हणायचा, "म्हातारा गेल्या वर्षी मलासुद्धा माझ्या भावाच्या नावाने हाक मारत होता." खरं म्हणजे दुइशोनला सगळेच त्याच्या भावाच्या नावाने हाक मारतात, ते दोघे सारखे दिसतात. पण मी हेही बोललो नाही. मी बाकावर जायचं बंद केलं. घरी बुरूलने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त प्रमाणपत्राची चौकट रोज फडक्याने पुसायला लागली. आधी कधी पुसत नव्हती.

एका सकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती फडकं हातात घेऊन ऐकत राहिली.

"तुम्हाला मी वाचायला शिकवलं," ती म्हणाली. "बोलायला तुमच्या आईने शिकवलं होतं ना?"

मी कोट घातला आणि खाली जोल्दोशकडे गेलो. घरात नातेवाईक होतेच. लग्न मोडल्यावरही पाहुणे येतात, उलट जास्त येतात. मी दारातच उभा राहून सांगितलं. झाड होतं, रेघा होत्या, मी त्या केर समजून काढल्या, पानांचे थर मी लावले, आके बरोबर आहेत. माझा आवाज चिरकला, तरी सगळं सांगितलं.

मग सायकल अपा उठली, माझ्या दंडाला धरून मला आत नेऊन मानाच्या जागी बसवलं.

"असा शेजारी मिळायला नशीब लागतं," ती सगळ्यांना म्हणाली. "पोरीचं लग्न जमावं म्हणून स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतो आहे!"

"अपा, मी खरंच सांगतो. मी पुसलं."

"समजतं रे आम्हाला. त्या म्हाताऱ्याची लाज राखायची आहे तुला. तुझं मन मोठं आहे. पण रक्ताच्या बाबतीत मन मोठं करून चालत नाही."

"अहो, गदद म्हणजे रेघ होती!"

"बस, बस. जेव."

आणि त्यांनी माझ्यापुढे मांसाचं ताट ठेवलं, त्यात मांडीच्या वरचं ते मानाचं हाड, जे वडीलधाऱ्यांना देतात. मला आयुष्यात पहिल्यांदा ते हाड मिळालं. मी ते खाल्लं. नाकारणं यजमानाचा अपमान असतो. जोल्दोश कौतुकाने माझ्या वाटीत चहा ओतत होता.

घरी आल्यावर बुरूलला आठवलं की चौऱ्याण्णव साली आकेंनी एक चकती सरकारी दफ्तरखान्यातही ठेवली होती. मी धावलो. खिडकीमागच्या बाईंनी सांगितलं की ठेव परत पाहायची तर ठेवणाऱ्याने स्वतः यायचं, ओळखपत्र आणायचं आणि अर्ज द्यायचा. मी म्हणालो, ते नव्वदीचे आहेत, कुरणात आहेत. बाई म्हणाल्या, "मग त्यांना लवकर आणा."

म्हणजे जे मला सगळ्यांत टाळायचं होतं तेच करावं लागलं. दुइशोनच्या जुन्या गाडीतून मी कुरणात गेलो. आके तंबूबाहेर उन्हात बसले होते. मी बोलत होतो तोवर ते दरीत घोड्यांकडे बघत होते. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी माझ्या घरचे नव्हते कोणी. तू होतास. मग का नाही बोललास?"

ते उठले, टोपी घातली आणि गाडीत येऊन बसले.

दफ्तरखान्यातल्या बाई वाईट नव्हत्या. नियमाने वागत होत्या. त्यांनी आकेंना विचारलं, "या मजकुराचे लेखक तुम्हीच हे कशावरून?"

"त्यात जे आहे ते मला पाठ आहे," आके म्हणाले.

"ते आम्हाला कसं तपासता येणार?"

आके माझ्याकडे वळले. ज्या माणसाच्या तोंडून तीन पिढ्यांनी आपले बाप ऐकले, तो खिडकीपुढे काठी टेकून स्वतःचा दाखला शोधत होता. मी त्यांचं ओळखपत्र पुढे केलं, त्यांनी अर्जावर सही केली, पुन्हा नव्या कागदावर केली, कारण पहिल्यावर शाई पसरली होती. दोनदा बाईंचा जेवणाचा वेळ मध्ये आला. शेवटी चकती मिळाली.

ती दुइशोनच्या घरी उघडली. त्याच्याकडे त्या काळातलं यंत्र, त्या काळातला एडिटर, सगळं होतं. तो काहीच फेकत नाही, आणि यापूर्वी याबद्दल मी त्याला बरंच बोललो होतो. दोन्ही घरची माणसं त्याच्या खोलीत दाटीवाटीने उभी होती. काळ्या पडद्यावर आधी नावं आली, आमची तीन खास अक्षरं वेड्यावाकड्या खुणांसारखी. आणि मग त्या नावांना धरून पांढऱ्या बारीक रेघा. खोड, कोपरे, फांद्या. पानभर. पुढच्या पानावरही.

सायकल अपाला अक्षरं येत नव्हतीच. तिने काचेवर बोट ठेवलं. "जिपाराचा आजोबा कोणता? दाखव." जिपाराने दाखवला. म्हातारीचं बोट रेघेवरून वर निघालं. बोरोनबायपाशी थांबलं, आजूबाजूला फिरलं. तिथे एसेनकुलची फांदी नव्हती. बोट वर गेलं, आणखी वर, खोडापर्यंत; दुसऱ्या फांदीवरून हळूहळू खाली उतरलं, तायलाकवरून एसेनकुलवर, आणि मेदेतच्या पणजोबापाशी येऊन थांबलं.

"नऊ," ती म्हणाली. मग वळून आकेंपुढे उभी राहिली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "माफ करा, आके."

"पुस्तकात तसं होतं," आके म्हणाले.

मेदेत दाराशी उभा होता. त्याला आत यायलाच जागा नव्हती. जिपाराने त्याच्याकडे बघून बोटांनी नऊ दाखवले आणि पहिल्यांदाच हसली. माझ्याकडे मात्र कुणी रागाने पाहिलं नाही. दुइशोनने तर माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे तुझं खरंच होतं तर! तू खरोखरच गाढवपणा केला होतास! आम्ही उगाच तुला मोठा समजलो."

लग्न सप्टेंबरात झालं. पुस्तकाच्या प्रती मी घरोघर फिरून परत गोळा केल्या. प्रत्येक दारात एकदा सगळं सांगावं लागलं, आणि काही जणांनी चहा देऊन मुलांनाही ऐकायला बोलावलं. चिनाराने झाड रेघांसकट नव्या संचात आणून दिलं. त्यासाठी तिला एक सकाळ लागली.

लग्नात मेंढीचं डोकं आकेंपुढे ठेवलं आणि त्यांना आशीर्वाद द्यायला सांगितलं. ते उभे राहिले, तळवे पसरले, आणि नवऱ्याचे बाप सांगायला लागले. पहिलं नाव घेतलं आणि थांबले. मी चार माणसं सोडून बसलो होतो. त्यांनी मान वळवून मला विचारलं, "बरोबर ना रे, तेमिर्कुल?"

पाहुणे हसले. मी हो म्हणालो.

दुसरं नाव. "बरोबर ना?"

लोकांना चेष्टा वाटली. आके मला चिमटे काढताहेत, काढू देत, असं कुणीतरी म्हणालंही. चेष्टा असती तर मी ती आनंदाने सोसली असती. पण आके हसत नव्हते. प्रत्येक नावानंतर थांबत होते, मी मान हलवेपर्यंत वाट बघत होते आणि मगच पुढचं नाव घेत होते. एसेनकुलवर तर त्यांनी दोनदा विचारलं. नवव्या बापापर्यंत मी मान हलवत राहिलो. मग नवरीची फांदी, पुन्हा तसंच.

कासिमाली आके त्याच वर्षी एकवीस नोव्हेंबरला, सकाळी, आपल्या घरी वारले.